हडसनकाकूंच्या बादल्या

परवा रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून एक्स्पायरीचा माल वेगळा काढत बसले होते आणि मोबाईलवर टिंग झालं. एका वाचकाची कमेंट. "ताई, पाचव्या भागापर्यंत होम्स वॉटसनला तुम्ही म्हणतो आणि सहाव्यात एकदम तू, चूक झालीये का मुद्दाम केलंय?" मला इतका आनंद झाला की हातातल्या खोकल्याच्या बाटल्या तशाच ठेवल्या आणि तिथंच स्टुलावर बसून उत्तर लिहायला लागले, नवरा बाहेर गाडीवर बसून हॉर्न वाजवतोय आणि आत मी सर्वनामावर निबंध लिहितेय.

कारण ते मुद्दामच केलं होतं आणि दोन महिने कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तर सांगायचं असं की मी फॅनफिक्शन लिहिते. अंबाजोगाईत आमचं मेडिकल आहे, माझं बी. फार्म. झालंय, पोरगी दुसरीत आहे, आणि रात्री दहानंतर मी शेरलॉक होम्सच्या अशा गोष्टी लिहिते ज्या मूळ लेखक डॉयलसाहेबांनी लिहिलेल्याच नाहीत. नवरा ह्याला 'पंखा-कथा' म्हणतो. सासूबाईंना वाटतं मी दुकानाचा हिशोब करते, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की दुसऱ्यानं उभी केलेली पात्रं घ्यायची, त्यांचं घर, त्यांच्या सवयी, त्यांची भांडणं घ्यायची आणि त्यात आपली गोष्ट घालायची, फुकट, हौस म्हणून, आणि नेटवर टाकून द्यायची. मूळ लेखकानं लिहिलं ते कॅनन. आपण मनानं ठरवलं ते हेडकॅनन. पात्रं तीच पण जग बदललं, म्हणजे समजा होम्स लातूरला आला, तर तो एयू, अल्टरनेट युनिव्हर्स. बाकी शब्द लागतील तसे येतीलच.

आता त्या तू-तुम्हीचं. इंग्रजीत यू म्हणलं की भागलं. मूळ गोष्टींत ते दोघं शेवटपर्यंत एकमेकांना आडनावानंच हाक मारतात, होम्स, वॉटसन, बस. मराठीत लिहायला बसलं की पहिल्याच वाक्याला अडतं, कारण एकाच घरात राहणारी, एकाच टेबलावर नाश्ता करणारी दोन माणसं एकमेकांना काय म्हणतात हे ठरवल्याशिवाय मराठीत "चहा घे" सुद्धा लिहिता येत नाही. घे का घ्या? पहिल्या दिवशी तर तुम्हीच असणार, नवीन रूममेट, त्यात एक डॉक्टर. पण मग तुम्हीचं तू कधी झालं? डॉयलना हा प्रश्न कधी पडलाच नाही, पडायचं कारणच नव्हतं, आणि तिथंच मला माझी जागा सापडली. एका गोष्टीत वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते, आणि एरवी दगडासारखा बसणारा होम्स हादरतो, लागलं तर नाही ना म्हणून विचारत सुटतो, आणि वॉटसनला वाटतं की ह्याच्या मनात एवढं आहे हे कळण्यासाठी एक काय चार जखमा झाल्या तरी चाललं असतं. मी हा प्रसंग माझ्या पद्धतीनं लिहित होते आणि "तुम्हाला लागलं तर नाही ना" असं टाईप केलं आणि वाचलं तर ते एकदम एसटीच्या कंडक्टरनं विचारल्यासारखं वाटलं. खोडलं. "तुला" केलं. तोच सहावा भाग. त्यानंतर दोघं घरात तू म्हणतात आणि बाहेर इन्स्पेक्टर लेस्ट्रेड समोर आला की परत तुम्ही, जसं आपल्याकडं दोन मास्तर स्टाफरूममध्ये अहो सर करतात आणि चहाच्या टपरीवर अबे-काबे. वाचकाला हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "ओके ताई". असो.

सुरुवात झाली ती लातूरला. २०१० ला दहावी झाली, मार्क बरे पडले, आणि आमच्याकडं मार्क बरे पडले की लेकराला लातूरला टाकतात, ह्यात विचार करण्यासारखं काही नसतंय. ट्युशन एरियाजवळ एका काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही चौघी एका खोलीत, खाली काकूंची मेस. सकाळी साडेपाचला फिजिक्स, मग केमिस्ट्री, मग कॉलेज, मग टेस्ट, रविवारी परत टेस्ट. गावाकडून येताना मामाच्या कपाटातून होम्सच्या मराठी अनुवादाची दोन पुस्तकं आणली होती, ती मी गादीखाली ठेवायचे, कारण काकूंची तपासणी असायची.

त्यात होम्स धबधब्यात पडून मरतो आणि नंतर परत येतो. ही भानगड तर सगळ्यांना माहीतच आहे. डॉयलनी त्याला १८९३ ला मारलं, लोक लई चिडले, आणि शेवटी १९०३ ला परत आणायला लागलं. बाहेर दहा वर्षं गेली पण गोष्टीत मात्र तीनच. आणि ह्या तीन वर्षांत २२१ बी बेकर स्ट्रीटवरची त्याची खोली जशीच्या तशी ठेवलेली, त्याचा भाऊ ती सांभाळतोय असं एका वाक्यात उरकलंय. मी गादीवर पडून हे वाचत होते, जून महिना, खाली पोरापोरींचे बाप पिशव्या घेऊन खोली आहे का खोली आहे का करत फिरतायत, काकू एका खोलीत चारच्या जागी पाच खाटा बसतील का म्हणून पट्टीनं मोजतायत, आणि मला एकदम हसू आलं. तीन वर्षं रिकामी खोली! जूनमध्ये! अशी मालकीण मला लातुरात दाखवा. भाऊ भाडं देत असला तरी काय झालं, ती बाई रोज त्या बंद दारापुढून जात असेल, धूळ झटकत असेल, शेजारणी तिला काय म्हणत असतील? मी फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर चार पानं लिहून काढली. मिसेस हडसन आणि रिकामी खोली. मिसेस हडसन म्हणजे होम्सची ती घरमालकीण. फॅनफिक्शन हा शब्दही तेव्हा मला माहीत नव्हता.

हडसनबाईंबद्दल मूळ गोष्टींत किती कमी आहे हे बघितलं की चकित व्हायला होतं. ६० गोष्टी, त्यात ४ कादंबऱ्या, आणि ह्या बाईचं पहिलं नावसुद्धा नाही. एका गोष्टीत तर जेवण घेऊन येणारी बाई मिसेस टर्नर आहे, म्हणजे डॉयल चक्क विसरले की काय कोण जाणे. होम्स घरात बसून भिंतीवर गोळ्या झाडतो, राणीच्या नावाची अक्षरं काढतो गोळ्यांनी, आणि ती त्याला ठेवून घेते. तो परत येतो तेव्हा त्याचा मेणाचा पुतळा खिडकीत ठेवलेला असतो आणि समोरून बंदूक रोखलेली, आणि ही बाई दर पंधरा मिनिटांनी गुडघ्यावर रांगत जाऊन तो पुतळा फिरवते, सावली हलती दिसावी म्हणून. विचार करा, गोळी कुठल्याही क्षणी येणार आणि आली पण! आणि तिच्या वाट्याला काय, दोन ओळींचं कौतुक. एकदा होम्स म्हणतो की हिचा स्वयंपाक तसा मर्यादितच आहे पण नाश्ता काय असतो ते तिला कळतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या काकूंची रविवारची सुशीलाच आठवली, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्याची फोडणीची, बाकी सहा दिवस पातळ वरण आणि तीच ती पत्तागोबी, पण रविवारी सकाळी सुशीला, वरून दाण्याचा कूट. तेव्हापासून माझी हडसन म्हणजे काकू. डोक्यावर पदर, कमरेला किल्ल्या, आणि आवाज जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत.

लोकांना वाटतं फॅनफिकवाले लेखकाच्या मोठेपणावर लिहितात. माझं तर मत असं की आम्ही लेखकाच्या गाफीलपणावर जगतो. वॉटसनला लढाईत गोळी लागली ती पहिल्या कादंबरीत खांद्याला आणि दुसऱ्या कादंबरीत पायाला. त्याचं नाव जॉन, पण एका गोष्टीत त्याची बायको त्याला जेम्स म्हणते. ह्या एका जेम्सवर लोकांनी किती काय लिहिलंय! सगळं नीट जुळलेलं असतं ना, तर आत शिरायला जागाच मिळाली नसती, जसं पक्क्या प्लास्टरच्या भिंतीत पिंपळ उगवत नाही, फट लागते. आणि डॉयलना स्वतःला ह्याचं फारसं काही वाटायचं नाही. गिलेट नावाच्या अमेरिकन नटानं होम्सवर नाटक करायला घेतलं, १८९९ ला ते रंगमंचावर आलं, त्यानं विचारलं होतं की होम्सचं लग्न लावून दिलं तर चालेल का, तर डॉयल म्हणाले लग्न लावा, खून करा, काय करायचं ते करा. एवढी मोकळी परवानगी आजकाल कुणी देत नाही. कायद्यानं पण आता काही अडचण नाही, आपल्याकडं लेखक वारल्यावर ६० वर्षं कॉपीराइट असतो, डॉयल वारले १९३० ला, आणि अमेरिकेत राहिलेल्या शेवटच्या गोष्टी २०२३ च्या जानेवारीत मोकळ्या झाल्या. बाकीच्या फॅन्डमवाल्यांना, म्हणजे दुसऱ्या गोष्टींच्या चाहत्यांना, हे सुख नाही, त्यांचा लेखक जिवंत असतो, कुणाला चालतं, कुणाला अजिबात चालत नाही, म्हणून ते बिचारे पहिल्या ओळीतच लिहितात, पात्रं माझी नाहीत, पैसे घेत नाही.

आता बादल्यांचं सांगते, कारण ह्या सगळ्या रामायणाचं मूळ तिथं आहे.

२०१६ चा उन्हाळा. मी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला, खोली तीच, काकू त्याच. त्या वर्षी लातूरला काय झालं ते अख्ख्या देशानं टीव्हीवर बघितलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तेव्हा १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी. त्याच्या आधी पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं, पाच माणसं एकत्र जमायची नाहीत. घरोघर निळे ड्रम. काकूंनी नियम केला, माणशी दिवसाला दोन बादल्या, अंघोळ कपडे भांडी सगळं त्यात. पहाटे काकू स्वतः मोजून भरायच्या, प्रत्येकीच्या बादलीला रंगाची चिंधी बांधलेली, माझी हिरवी. आणि संध्याकाळी रिकाम्या बादल्या जिन्याखाली आणून उपड्या ठेवायच्या.

आमच्यातल्या एकीनं तिच्या धाकट्या बहिणीला गुपचूप आणून ठेवलं होतं, सीईटीचा फॉर्म होता का काय होतं, गावात तर प्यायलाही पाणी नव्हतं. आम्हा तिघींना माहीत होतं, आम्ही चूप. पोरगी दिवसभर खोलीत, खाली यायचीच नाही, आवाज नाही, ताट चौघींतच वाटून. पाचव्या दिवशी काकू वर आल्या, दारात उभ्या राहिल्या, आत पाऊल टाकलं नाही, कुणाकडं बघितलं नाही, म्हणाल्या, "लाल चिंधीची बादली चार दिस झाले कोरडी ठणठणीत येलाली. आधी बुडाला तांब्याभर पाणी राहत होतं, ते कपड्याला पुरवत होतीस. आता खडखडीत. पाव्हणी कोण हाय, भाईर काढा."

मी तिथंच गार. अहो, बुडाला राहिलेल्या पाण्यावरून! होम्सला बुटावरच्या चिखलावरून कळतं, सिगारेटच्या राखेवरून कळतं, पण बादलीचं बूड त्यानं आयुष्यात बघितलं नसणार, कारण त्याची बादली दुसरंच कुणीतरी भरत होतं. त्या रात्री मी मोबाईलवर 'हडसनकाकू' लिहायला घेतलं. एयू. बेकर स्ट्रीट उचलून लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईच्या मागं आणला. गंजगोलाईला १६ रस्ते फुटतात, पाठलागासाठी ह्याहून चांगली जागा सबंध लंडनमध्ये नाही. होम्ससाठी बातम्या काढणारी ती रस्त्यावरची पोरं माझ्याकडं चहाच्या टपरीवरची झाली. आणि केस सोडवते हडसनकाकू, होम्स वर खोलीत व्हायोलिन वाजवत बसलेला असताना, जिन्याखाली उपड्या ठेवलेल्या बादल्या बघून.

त्याच्या आधी मी एक लांबलचक फिक लिहिली होती ती सांगायची लाज वाटते पण सांगते. त्यात लातूरची एक फार्मसीची हुशार पोरगी, डोळे टपोरे, केस लांब, होम्सला तीन वेळा चुकीचं ठरवते, वॉटसन तिच्यावर फिदा, लेस्ट्रेड तिला सलाम ठोकतो. ह्याला म्हणतात मेरी स्यू. १९७३ ला पॉला स्मिथ नावाच्या बाईनं स्टार ट्रेक ह्या अंतराळातल्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या एका हस्तलिखितवजा मासिकात अशा नायिकांची टिंगल करायला एक चिमुकली गोष्ट लिहिली, साडेपंधरा वर्षांची पोरगी जहाजावरची सगळ्यात भारी ऑफिसर, तिचं नाव मेरी स्यू, तेव्हापासून जगभर हेच नाव पडलं. माझी रूममेट, जी आता पुण्यात आयटीत आहे आणि अजून माझं सगळं आधी वाचते, बीटा म्हणतात त्याला, तिनं ती वाचून एवढंच विचारलं, "ही इतकी भारी आहे तर होम्स कशाला पाहिजे गोष्टीत?" मी पंधरा दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. पण हडसनकाकूंत टपोरे डोळे कुणालाच नाहीत ते तिच्यामुळं.

टाकायचं कुठं हा प्रश्न होता. रूममेटनंच एओथ्री दाखवलं, आर्काइव्ह ऑफ अवर ओन. हे सगळं चाहत्यांनीच चालवलेलं, देणगीवर, जाहिरात एक नाही, विकायचं काही नाही, आणि २०१९ ला ह्या साईटला चक्क ह्युगो पुरस्कार मिळाला, विज्ञानकथावाल्यांचा मोठा पुरस्कार, तेव्हा जगभरातल्या आमच्यासारख्या लाखो येड्यांनी आपल्यालाच मिळाला म्हणून पेढे वाटल्यासारखं केलं. भाषेच्या यादीत मराठी दिसलं तेव्हा उगाच भरून आलं. गोष्ट टाकताना टॅग लावायचे, कुठलं फॅन्डम, कोण पात्रं, रडकं आहे का हसरं, कुणी मरतं का. हे टॅगचं मला लई आवडतं, आपल्याकडं लग्नपत्रिकेत पण एवढी माहिती नसते. वाचणाऱ्याला आवडलं तर तो कुडोज देतो, एका माणसाला एका गोष्टीला एकदाच देता येतो. 'हडसनकाकू'ला पहिल्या महिन्यात तीन कुडोज आले, त्यातला एक रूममेटचा. मग चार महिने काही नाही. मग एका रात्री कमेंट आली, "मी परभणीची, सध्या जर्मनीत असते, चिंधीवाला भाग वाचून आईला फोन केला." बस एवढंच. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, मोबाईल तीनदा बदलला पण तो पुढं आणलाय.

तक्रारी पण येतात. एका दादाला प्रत्येक भागात "एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन" पाहिजे असतं. दादा, ते वाक्य त्या शब्दांत मूळ ६० गोष्टींत कुठंच नाही, मी तीनदा सांगून थकले. दुसऱ्या एकाचं म्हणणं लंडनचा माणूस धपाटे कसा खाईल. का नाही खाणार, हडसनकाकूंनी वाढल्यावर खाणार नाही तर जाणार कुठं.

मागच्या दिवाळीत मात्र एक प्रकार घडला. रूममेटनं लिंक पाठवली, एका अ‍ॅपवर, नाव नाही घेत, 'काकूंचं रहस्य' म्हणून मालिका, रोज एक भाग, पुढचा वाचायला पैसे भरा. उघडलं तर माझीच! होम्सचा हर्षवर्धन केलेला, वॉटसनचा डॉक्टर वसंत, गंजगोलाईचा नुसता "मार्केट", पण बादल्या त्याच, चिंध्या त्याच, हिरवी लाल पिवळी, एवढंच काय मी एके ठिकाणी काकूंच्या तोंडी "येलाली" च्या जागी चुकून "येलाला" टाईप केलं होतं ती चूकसुद्धा तिथं सुखरूप पोचलेली. दुकानात गिऱ्हाईक उभं, बीपीची गोळी मागतंय आणि मी थरथर कापतेय, त्यालाच वाटलं मला बीपी आहे.

तक्रार केली. आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं, मूळ लेखनाचा पुरावा द्या. मूळ! मी हसावं का रडावं. माझ्या गोष्टीवर पहिल्याच ओळीत मी लिहिलंय, पात्रं माझी नाहीत. नवरा म्हणाला, "तू तरी कुठं विकत आणलाय तो होम्स?" तेव्हा मी त्याच्याशी भांडले, पण रात्री झोप आली नाही, कारण बोलला ते काही अगदीच खोटं नव्हतं. मग काय चोरलं नेमकं त्यानं? होम्स तर माझा नव्हताच, आणि गंमत म्हणजे तो त्यानं काढूनच टाकला होता. मी उघड सांगून घेते, कुणाकडून घेतलं ते वर लिहिते. त्यानं नाव पुसलं. बास, एवढाच फरक, आणि मला तो फरक जमीन-अस्मानाचा वाटतो.

माझी आज्जी असती तर तिनं गावबाचं सांगितलं असतं. ती दरसाल नाथषष्ठीला पैठणला जायची आणि ही गोष्ट तिची ठरलेली. गावबा म्हणजे पुरणपोळीशिवाय काही न खाणारं एक येडं पोर, लोक त्याला पुरणपोळ्याच म्हणायचे, नाथांच्या घरी राहिलं, मंत्र काय तर एकनाथ हेच नाव. नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आलं आणि नाथ गेले, पुढचं सगळं ह्या गावबानं पुरं केलं, आणि सोडून दिलं नाथांच्या नावावर. आज्जी म्हणायची जोड कुठं आहे ते सांगून दाखवा. आता ह्याला मी फॅनफिक म्हणलं तर चार लोक अंगावर येतील, म्हणून म्हणत नाही. पण एवढं बघा की गावबानं आपलं लिहून दुसऱ्याचं नाव लावलं आणि ह्या बहाद्दरानं दुसऱ्याचं लिहिलेलं घेऊन आपलं लावलं. आमच्या अंबाजोगाईचे दासोपंत पण काय कमी नाहीत, गीतेचे ७०० श्लोक आणि त्यावर त्यांच्या सव्वा लाख ओव्या. मी आठ भागांत दमले.

तर तारखांचे स्क्रीनशॉट पाठवले, शेवटी ती मालिका त्या अ‍ॅपवरून गेली, कुणी काढली का त्यानंच काढली माहीत नाही. पण त्या भानगडीत डोक्यात एक किडा शिरला तो शिरलाच. चिंध्या माझ्या, चिंध्या माझ्या म्हणून मी ओरडत होते. चिंध्या माझ्या होत्या कुठं? काकूंच्या होत्या. मी त्यांना कधी विचारलं होतं?

मार्चमध्ये लातूरला एक लग्न होतं. हळदीच्या आधी दोन तास काढून काकूंकडं गेले. मेस बंद केलीय आता, गुडघे गेलेत, वरच्या खोल्या अजून भाड्यानं. त्या ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या, मीही बसले फोडायला. कसंबसं सांगितलं, काकू मी तुमच्यावर एक गोष्ट लिहिलीय. "मज्यावर? काय लिव्हलंस, पत्तागोबीचं?" मग मोबाईल काढून वाचून दाखवली. होम्स कोण ते आधी सांगावं लागलं. "वर राहणारा पोरगा हाय, बंदुकीनं भिंत खराब करतो, पण भाडं वेळेवर देतो." त्यांना लगेच कळला, असे त्यांच्याकडं बरेच राहून गेलेत.

बादल्यांचा भाग आला तेव्हा त्यांचा हात थांबला. माझ्या गोष्टीत हडसनकाकू दारात उभी राहून पाहुणीला बाहेर काढते. मी वाचून संपवलं आणि बघितलं तर त्या हसत होत्या.

"पाचव्या दिशी कळलं म्हणून लिव्हलीस?"

"हो, तुम्ही पाचव्या दिवशीच वर आला होता ना."

"आगं, पहिल्याच रातीला कळलं होतं. जिन्यात पाच चपला होत्या. तुमी लपवून ठेवल्या पोरीला आन् तिची चप्पल भाईर." मग शेंगा बाजूला सारल्या. "तुमच्या तिघींच्या बादल्यांत मी तांब्या-तांब्या जास्त टाकलालते. तिला द्याल म्हणून. चार दिस बघितलं, तिघींच्या बादल्या परत येलाल्या तशाच, बुडाला पाणी तसंच. तुमी आपल्यातलं तिला देईनात. लाल चिंधीवालीच एकटी तिच्या दोन बादल्यांत दोघींचं भागवलाली. म्हणून वर आले. पाव्हणीला भाईर काढा म्हणले म्हणजे खाली आणा म्हणले. मज्याकडंच राहिली की ती पुढं महिनाभर, सैपाकघरात."

मला खरंच आठवलं, ती पोरगी खाली गेली होती एवढंच मला माहीत होतं, आणि मी समजून चालले की गावाला गेली. परीक्षा होती माझी. मी विचारलंच नव्हतं. हिरव्या चिंधीच्या बादलीत बुडाला पाणी राहत होतं, रोज मी ते जिन्याखाली येऊन ओतून टाकत होते, पायरी धुवायला.

काही बोलता येईना. मोबाईल पिशवीत घातला. काकू मात्र मजेत, त्यांना गोष्टीतच रस, "तिचा मालक कुठाय? त्या हडसनीचा? तू लिव्हलंच नाहीस."

म्हणलं काकू, मुळातच नाही. त्या लेखकानं तिच्या नवऱ्याबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. दुसऱ्या एका गोष्टीत मोर्स हडसन म्हणून एक दुकानदार येतो, काही लोक त्यालाच तिचा नवरा ठरवतात, पण ते आपलं लोकांचं.

"दुकानदार?" काकूंनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. सहा वर्षं मी त्या घरात राहिले, त्यांच्या नवऱ्याचा फोटोसुद्धा कधी बघितला नव्हता आणि आम्ही पोरींनी कधी विचारायची हिंमतही केली नव्हती.

"दुकानदारच आसंल," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय. काढ मोबाईल, लिव्ह. आधी त्यो दुकान सोडून कसा गेला ते सांगते."